मनाची ओळ

प्रिय दादूभावजी,

फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही. परवा दिवाळे गावात घरी आले तेव्हा तुमच्या बाळाबाई म्हणाल्या, ते खाडीवर गेलेत. तुमच्या चपला उंबऱ्याशीच होत्या. त्यांच्या हातचा चहा घेतला, त्यांनी पिशवीत घातलेले बोंबील घेतले आणि परत आले. म्हणून आता कागदावर लिहिते आहे. बाजारात मासे घ्यायला गेले की बाळाबाईंच्या हाती देईन. वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मात्र मी लिहायला बसले की थोडक्यात आटपत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा जरा निवांत बसूनच उघडा.

आधी तुमच्या मित्राची खुशाली सांगते. ह्यांचा चेहरा आता पुष्कळ भरलाय. ओठाचा उजवा कोपरा किंचित खाली ओढलेला राहिलाय, पण नवख्या माणसाला कळणार नाही. काठी घेऊन गॅलरीपर्यंत एकटे जातात. उजवा हात अजून कुणीतरी मांडीवर आणून ठेवल्यासारखा असतो. जेवतात डाव्या हाताने, आणि आमटी सांडली की माझ्याकडे बघतात. केयूर बंगळुरूहून आला होता, रजा होती तेवढे दिवस राहिला. आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो, बाबा, आज काय केलंत म्हणून विचारतो आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच काहीतरी सांगायला लागतो. त्याचाही इलाज नाही. नव्या विमानतळाची विमानं आता आमच्या गॅलरीतून दिसतात. एखादं खाली उतरताना दिसलं की हे डावा हात वर करतात आणि म्हणतात, “मंडळी.”

तेवढा एकच शब्द राहिलाय, भावजी. बाळाबाईंनी सांगितलंच असेल, पण ऐकणं वेगळं आणि त्या शब्दाबरोबर राहणं वेगळं. पाणी हवं असलं तरी मंडळी. पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी मंडळी. रागावले तरी तेच, लाडात आले तरी तेच. समजतं सगळं. पेपर पुढे ठेवला की मोठे मथळे वाचतात, बातमी वाईट असली की मान हलवतात. डोक्यात वाक्य तयार असतं, ते मला दिसतं. तोंड उघडतात, मंडळी बाहेर पडतं, आणि हे ते नव्हे हे ह्यांना स्वतःलाही ऐकू येतं. ती नजर मला बघवत नाही. सुरुवातीला पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे. नंतर नंतर गप्पच बसायला लागले. मध्ये एकदा सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगचं काहीतरी गाऱ्हाणं घेऊन आले. ह्यांनी त्यांना मंडळी मंडळी करत, हातवारे करत असं काही फैलावर घेतलं की तो बिचारा माणूस “बरोबर आहे काका, बरोबर आहे” म्हणत निघून गेला. दार लावल्यावर मला हसू फुटलं, ह्यांनाही फुटलं. हसता हसता ह्यांचं रडणं कधी सुरू झालं ते कळलंच नाही. डॉक्टर म्हणतात, पक्षाघातानंतर हसू आणि रडू जवळजवळ येतात. मला वाटतं त्यात आजाराचा काही संबंध नसावा.

त्याच शब्दाने तुमचा कार्यक्रम सुरू व्हायचा. पडदा बाजूला झाला की हे पेटीवर एक लांब सूर धरायचे, चष्मा नाकावर सारखा करायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, “मंडळी, आमचं डोकं ठिकाणावर आहे.” आणि तुम्ही डावीकडून ढोलकीवर अशी एक वाकडी थाप द्यायचात की हशात पुढचं मिनिटभर कुणाला काही ऐकू येऊ नये. मी तो प्रसंग कितीदा पाहिला असेल, तरी दरवेळी मला हसू यायचं. कार्यक्रमाचं नावही तेच ठेवलंत तुम्ही. हे डोकं, तुम्ही मन. डोक्याला मी इस्त्री केलेला पांढरा सदरा, मनाला लाल रुमाल. डोकं पुस्तकातल्यासारखं बोलायचं, मन दिवाळ्याच्या बोलीत त्याची टोपी उडवायचं. माणूस विचार कसा करतो यावर गाणी, आणि तीही हसवणारी, असं मी माहेरी चिपळूणला सांगितलं तेव्हा कुणाच्या काही डोक्यात शिरलं नव्हतं.

त्याची सुरुवात मात्र माझ्यासमोरची नाही, ह्यांनी सांगितलेली. न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या बसमध्ये तुमची ओळख झाली. हे क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं बघायचे, तुम्ही द्रोणागिरीच्या गोदामावर क्रेन चालवायचात. हे रोज पळत येऊन बस पकडायचे, कारण जिना उतरून खाली आल्यावर कुलूप लागलं की नाही म्हणून पुन्हा वर जायचे. एकदा बस सुटता सुटता राहिली तेव्हा तुम्ही ह्यांना हात देऊन आत ओढलंत आणि म्हणालात, “नंद्या, तुज्या डोक्याची नि मनाची वलखच नाय.” घरी आल्यावर हे वाक्य ह्यांनी मला जेवताना तीनतीनदा ऐकवलं. त्या आठवड्यात कुलपाचं गाणं झालं. मग नाव न आठवण्याचं, मग फ्रिज उघडून कशाला उघडला ते विसरून उभं राहण्याचं, मग भांडण संपून घरी पोचल्यावर सुचणाऱ्या झकास उत्तराचं. गोदामाच्या गणपतीपासून वाशी-पनवेलच्या हॉलपर्यंत तुम्ही ती गाणी नेलीत. कार्यक्रमानंतर लोक चहाचा कप हातात घेऊन तुमच्याभोवती जमायचे आणि स्वतःच्या चुका सांगायचे. खारघरच्या एक बाई मला म्हणाल्या होत्या, “मीही गॅस बघायला रस्त्यातून परत जाते हो. मला वाटायचं, मलाच वेड लागतंय.” त्यांचे डोळे भरले होते. इतकी साधी गोष्ट, पण ती घेऊन त्या बाई किती वर्षं एकट्या फिरत होत्या कोण जाणे. हे शेवटी म्हणायचे ना, न चुकणाऱ्या माणसाबरोबर चहा प्यायला कोण बसेल? ते वाक्य ह्यांनी टाळ्यांसाठी लिहिलं नव्हतं. खरंच तसं मानायचे.

आता नावडे गावातल्या त्या कार्यक्रमाचं. ते टाळून मला पुढे जाता येत नाही आणि तुम्हालाही येत नसणार.

रविवारची दुपार होती, ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा, हॉल भरलेला. नावांचं गाणं चालू होतं. भाजीबाजारात ओळखीचा माणूस भेटतो, गप्पा मारतो, आणि त्याचं नाव काही केल्या आठवत नाही, ते. ह्यांनी ‘चष्मा’च्या जागी ‘चमचा’ म्हटलं. लोक हसले. पुढच्या ओळीत असं काही म्हणाले की तो शब्दच नव्हता. लोक आणखी हसले. तुम्ही ढोलकी न थांबवता म्हणालात, “आरं डोक्या, चमचा नाकावं ठेवलास काय?” आणि सगळा हॉल खुर्च्यांवर मागे रेलून हसला. मला वाटलं तुम्ही दोघांनी काही नवीन बसवलंय. वाटण्यासारखंच होतं. ज्या कार्यक्रमात माणसाच्या चुकांवरच हसायचं, तिथे खरी चूक ओळखायची कशी? ह्यांनी मान वळवून तुमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मंडळी.” मग पुन्हा, मग पुन्हा. दरवेळी तुम्ही वेगळं उत्तर दिलंत आणि दरवेळी टाळ्या पडल्या. मग उजवा हात पट्ट्यांवर तसाच पडून राहिला. डावा भाता चालवतच होता. पेटीतून एक कसातरीच आवाज येत राहिला आणि तुमची ढोलकी थांबली. लोक अजून हसत होते, भावजी. त्या अख्ख्या हॉलमध्ये सगळ्यात आधी कळलं ते तुम्हाला.

ह्यांना उचललंत तुम्ही. कुणाच्या तरी गाडीत घातलंत, मागच्या सीटवर ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलात, आणि तळोज्याच्या रस्त्यावर ट्रक हलेनात तेव्हा खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत होतात. लाल रुमाल तसाच गळ्यात होता. हॉस्पिटलात आयसीयूबाहेर बसून राहिलात, काही खाल्लं नाही. हे शुद्धीवर आले असं नर्सने सांगितलं, तेव्हा मी आत धावले. बाहेर आले तर तुमची खुर्ची रिकामी. तेव्हापासून रिकामीच.

मी रागावले होते तुमच्यावर. का म्हणून लपवू? सख्ख्या भावासारखा माणूस असा पाठ फिरवतो, याचा अर्थच लागत नव्हता. मग एकदा बाजारात बाळाबाईंनी टोपलीवर फडकं टाकलं, मला हाताला धरून बाजूला नेलं आणि तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. “तो मना हाका मारीत व्हता नि मी त्याचा जोक केला. लोकं हासली तं मी आजून हासवली. आता कंच्या तोंडानं जाऊ?” ढोलकी गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलीय हेही त्यांनी सांगितलं, आणि भजनालाही जात नाही म्हणाल्या. त्या दिवशी माझा राग गेला, पण तुम्हाला काय सांगावं ते मात्र कळेना.

कारण एक गोष्ट मी डॉक्टरांना सरळ विचारली होती. स्टेजवर जो वेळ गेला तो गेला नसता तर? ते म्हणाले, “कदाचित फरक पडला असता. कदाचित नसता. ते कुणालाच सांगता येणार नाही.” मी तुम्हाला लिहू शकले असते की डॉक्टर म्हणाले, काहीच फरक पडला नसता. तुम्हाला बरं वाटलं असतं. पण तुम्ही घरी आल्यावर माझ्या चेहऱ्याकडे बघून खोटं ओळखलं असतंत. तेव्हा जे आहे ते आहे. ते ‘कदाचित’ माझ्याबरोबरही राहतं. भांडी घासताना येतं, देवापुढे दिवा लावताना येतं. मी त्याच्याशी भांडणं सोडून दिलंय. तुम्ही निर्दोष आहात असं ठरवून द्यायला मी हे लिहीत नाही. तो अधिकार मला नाही आणि तशी गरजही मला वाटत नाही. हे मात्र सांगते की त्या गर्दीत माझ्याकडे न बघता ह्यांनी पाहिलं ते तुमच्याकडे, आणि ह्यांच्या डोळ्यांत तेव्हाही, आताही, मला तक्रार दिसलेली नाही.

आता एक चांगली गोष्ट. आमच्याकडे प्रियदर्शिनी नावाची मुलगी येते. आजाराने ज्यांचं बोलणं गेलं त्यांना पुन्हा बोलायला शिकवणं हेच तिचं काम. लहानसर चणीची, नेरूळहून स्कूटीवर येते, ह्यांच्यासमोर बसून ओठ हलवून दाखवते, चित्रं दाखवते. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बोलणं मेंदूत एका बाजूला असतं आणि गाणं बरंचसं दुसऱ्या बाजूला, त्यामुळे बोलता न येणारी काही माणसं गाऊ शकतात. ह्यांच्याकडून तिने आरती म्हणवून पाहिली, जुनी भावगीतं लावून पाहिली. हे सुरात यायचे, पण शब्द मंडळीच. सुखकर्ताच्या चालीवर मंडळी मंडळी ऐकून ती पोर गालातल्या गालात हसायची आणि लगेच सॉरी म्हणायची. मी म्हटलं, हस गं, या घरात चालतं.

मग एका सकाळी मी कपाटाची किल्ली शोधत होते आणि सवयीने कुलपाच्या गाण्याची चाल गुणगुणत होते. माझा सूर तुम्हाला माहीत आहे, तसाच. गॅलरीतून आवाज आला.

कुलूप लावलं, किल्ली खिशात, निघालो मी कामाला

प्रत्येक शब्द स्वच्छ, भावजी. ‘खिशात’वरची ती बारीक मुरकीसुद्धा. कित्येक महिन्यांनी ह्यांच्या तोंडून मंडळीशिवाय दुसरा शब्द ऐकत होते. मी धावत बाहेर गेले तर हे मान डावीकडे वळवून बसलेले, स्टेजवर तुम्ही बसायचात त्या बाजूला. गाणं थांबलेलं. आधी मला वाटलं, पुढचं आठवत नाही. मग उलगडलं. पुढची ओळ ह्यांची नाहीच, मनाची आहे. मी म्हणून पाहिली. ‘जाऊन बग ना, जाऊन बग ना, हलवून बग त्या कुलपाला.’ ह्यांनी डावा हात असा झटकला, जसे तालमीला कुणी मध्येच बोललं की झटकायचे. मी पुन्हा म्हटली, सावकाश. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

प्रियदर्शिनीला सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, काकू, हेच तर हवं होतं. ही ओळ धरून पुढे जायचं, त्याच चालीत हळूहळू रोजचे शब्द घालायचे, पाणी दे, भूक लागली, पंखा लाव. किती जमेल सांगता येत नाही, पण जमलंच तर इथूनच. मग आम्ही वाशीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मोबाइलवर लावला. तुमचा आवाज ऐकल्याबरोबर हे सरळ बसले. पहिली ओळ म्हटली, तुमची ओळ आली, चेहरा उजळला. पण ह्यांना दुसरी ओळ पकडायला वेळ लागतो, भावजी. ओठ जुळवेपर्यंत मोबाइलमधलं डोकं पुढे निघून गेलं, मनही त्याच्या मागे गेलं. हे मध्येच अडकले. दोनतीनदा लावून पाहिलं, तेच. शेवटी ह्यांनी मोबाइल पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड केलं. प्रियदर्शिनी जाताना दारात मला म्हणाली, “काकू, रेकॉर्डिंग थांबत नाही. काकांसाठी थांबणारा माणूस पाहिजे.” मी म्हटलं, मी शिकते. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आता रोज सकाळी हे ती एक ओळ म्हणतात. शेजारच्यांना वाटतं, काका बरे होताहेत. ते एक ओळ ऐकतात. त्यानंतर घरात जी शांतता होते ती फक्त मला ऐकू येते.

हे सगळं मी आधीही कळवू शकले असते. कळवलं नाही, कारण ज्याला यायचं नाही त्याला ओढून आणू नये असं वाटायचं. आज लिहायला बसले त्याचं कारण गुरुवारचं आहे. मी कणीक मळत होते, हे दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. गाणं नव्हतं, मोबाइल नव्हता, बेलही वाजली नव्हती. ह्यांनी तोंड उघडलं. ‘मं’साठी ओठ मिटले, तसेच राहिले, पुन्हा उघडले. कपाळावर शीर उभी राहिली. आणि म्हणाले, “दादू.” मला भास झाला असं वाटलं, तर पुन्हा म्हणाले, “दादू.” भावजी, कार्यक्रमात हे तुम्हाला कधी दादू म्हणाले नाहीत, ‘मना’ म्हणायचे. तुमचं नाव एकाही गाण्यात नाही. म्हणजे हा शब्द चालीबरोबर वाहत आलेला नाही, ह्यांनी तो स्वतः शोधून, स्वतः उचलून आणलाय. मी पिठाच्या हातांनीच समोर जाऊन बसले, स्वतःकडे बोट केलं आणि विचारलं, “आणि मी?” खूप झटले हो. घाम फुटला. शेवटी “मंडळी” म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मी हात धुवायला आत गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर परत आलेलं पहिलं नाव माझं नव्हतं, याचं वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. वाटलं, अजून वाटतंय. पण ते नाव तुमचं आहे आणि ते तुमच्यापर्यंत पोचवायला माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून हे पत्र. गुरुवारपासून हे तुम्हाला रोज हाक मारताहेत. ढोलकी आणू नका, माफीचं काही बोलू नका, काही बोलला नाहीत तरी चालेल. फक्त येऊन शेजारी बसा आणि ह्यांनी हाक मारली की ओ द्या.

तुमचीच वहिनी,
चारुलता